पाच पूर्णांक एक दशांश

भाच्याने गाडी विकली तेव्हा तिच्यातल्या दोन वस्तू काढून घेतल्या. डॅशबोर्डावरचा गणपती आणि डिकीतला वूफर, अँप्लिफायरसकट. गणपती त्याने नव्या गाडीत बसवला आणि वूफर माझ्या हॉलमध्ये आणून ठेवला.

“मामा, तुझ्याकडे होम थिएटर आहे ना? त्याला जोड हा. भिंती हलतील.”

आमची सोसायटी तेवीस वर्षांची आहे. भिंती हलाव्यात अशी तिथल्या कोणाचीच इच्छा नाही. गेल्या सर्वसाधारण सभेत भिंतींच्या ओलीवरच दोन तास गेले होते. पण फुकट आलेली वस्तू आणि ‘जोड’ हे क्रियापद एकत्र आलं की माझा विवेक सुटतो. एवीतेवी घरात स्क्रूड्रायव्हरचा संच आहेच.

“हे काय आणलंय?” बायकोने विचारलं.

“सबवूफर.”

“म्हणजे स्पीकरच ना? पाच आहेत की आपल्याकडे.”

“हो, पण सिस्टिम फाइव्ह पॉइंट वनची असते. पाच ते, आणि हा पॉइंट वन.”

बायको तीस वर्षं शाळेत गणित शिकवते आहे. तिने पेटीभोवती एक चक्कर मारली. बारा इंची वूफर, त्याला जाड प्लायची पेटी, पेटीवर गाडीच्या गालिच्यासारखं करडं कापड. जिना चढताना भाचा आणि वॉचमन दोघांनाही ती मध्येच एकदा टेकवावी लागली होती.

“पाच पूर्णांक एक दशांश,” ती म्हणाली. “पाच पूर्णांक भिंतीवर मावले, आणि एका दशांशाला एवढी पेटी?”

शंका रास्त होती. माणसाच्या कानाची हद्द ढोबळमानाने २० ते २०,००० हर्ट्झ. पाच स्पीकरांच्या वाटेवरून ती सगळी हद्द जाऊ शकते. सहावी वाट मात्र फक्त १२० हर्ट्झच्या खालच्या आवाजांसाठी राखलेली: ढगांचा गडगडाट, तोफा, डायनासोरची पावलं. एवढ्या मोठ्या मुलखातला एवढासा तुकडा, म्हणून तिला पूर्ण आकडा न देता पॉइंट वन म्हटलं गेलं. मी हे सगळं समजावून सांगेपर्यंत तिचा भागाकार झालेला होता.

“वीस हजारांत एकशेवीस म्हणजे सहा सहस्रांश. दशांशसुद्धा नाही.”

तरीही त्या पेटीचं नाव घरात ‘दशांश’च पडलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशीही आता “दशांश सरकवा जरा, खाली केर आहे,” असं म्हणतात.

हा दशांश मूळचा चित्रपटगृहांतला. १९७४ साली ‘अर्थक्वेक’ नावाचा अमेरिकन सिनेमा आला, तेव्हा भूकंपाच्या प्रसंगी प्रेक्षकांच्या खुर्च्या थरथराव्यात म्हणून थिएटरांत खास मोठाले स्पीकर आणून ठेवले गेले. त्या तंत्राचं नाव सेन्सराउंड. लॉस एंजेलिसच्या ग्राउमन्स चायनीज थिएटरात तर छताचे पोपडे प्रेक्षकांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून वर जाळी बांधावी लागली. पुढे १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या ७० एमएम प्रतींनी पडद्यामागचे काही स्पीकर निव्वळ खर्जाच्या कामाला जुंपले, आणि १९९२ च्या ‘बॅटमन रिटर्न्स’बरोबर डॉल्बीची डिजिटल पाच-अधिक-एक वाटणी थिएटरांत आली. तिथून ती घरांत शिरली. जाळी मात्र मागेच राहिली. हा इतिहास मी खालच्या मजल्यावरच्या काकांना अजून सांगितलेला नाही.

तर, जोडणी. रिसिव्हरच्या पाठीवर पाच स्पीकरांसाठी लाल-काळ्या पाच जोड्या. सहावी जोडीच नाही. तिच्या जागी ‘सबवूफर आउट’ असं लिहिलेलं एक गोल भोक, आरसीए पिनेचं. वूफरच्या जाडजूड तारा हातात धरून मी त्या भोकाकडे बराच वेळ पाहत राहिलो. मग टॉर्च लावून माहितीपुस्तिका वाचली. (माहितीपुस्तिका ही शेवटीच वाचायची असते.) त्या भोकातून नुसता निरोप येतो, ताकद येत नाही. काय वाजवायचं ते रिसिव्हर सांगणार, वाजवण्याचे कष्ट करायला अँप्लिफायर आपला आपण आणायचा. सरकारी योजनेसारखंच. परिपत्रक वरून, निधी स्थानिक पातळीवर उभा करा.

निधी आहे असं मला वाटत होतं, कारण भाच्याने गाडीतला अँप्लिफायरही दिला होता. अडचण एवढीच की त्याला १२ व्होल्ट लागतात आणि माझ्या भिंतीत २३० आहेत. माळ्यावर एका मयत कॉम्प्युटरचा एसएमपीएस होता, त्यातून १२ व्होल्ट निघतात. हिरवी तार काळीला टेकवली की तो कॉम्प्युटरशिवायही सुरू होतो, हे मी कुठेतरी वाचून ठेवलं होतं. टेकवली, पंखा फिरला, अँप्लिफायरचा निळा दिवा लागला. मी युद्धाचा एक सिनेमा लावला. सैनिक दबक्या पावलांनी चालत होते तोवर खर्ज छान येत होता. मग सुरुंग फुटला, आणि त्याच क्षणी घरात संपूर्ण शांतता पसरली. स्फोटाला लागणारी वीज एसएमपीएसला झेपेना, तो बसला. पुन्हा सुरू केला, पुन्हा स्फोट, पुन्हा शांतता. पडद्यावर माणसं हवेत उडताहेत आणि आमच्याकडे दोन मिनिटं मौन. एका परीने ते जास्त परिणामकारक होतं, पण मी वूफर काही श्रद्धांजलीसाठी जोडत नव्हतो.

हिशेब मांडला तेव्हा कळलं. अँप्लिफायरने ३०० वॉट बाहेर द्यायचे, तर वाया जाणारी उष्णता धरून तो ५०० वॉट आत ओढणार. २३० व्होल्टवर ५०० वॉट म्हणजे दोन अँपिअरपेक्षा किंचित जास्त, मिक्सर एवढे खातोच. पण १२ व्होल्टवर तेच ५०० वॉट म्हणजे चाळीसच्या वर अँपिअर! माझा एसएमपीएस सोळाचा. घरात चाळीस अँपिअर देऊ शकणारी १२ व्होल्टची एकच वस्तू होती: इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी.

पुढचं थोडक्यात सांगतो. बॅटरीवर वूफर अप्रतिम वाजला. त्याच संध्याकाळी साडेसात वाजता लाइट गेली. बायको आतल्या खोलीत सहामाहीचे पेपर तपासत होती.

“अहो, इन्व्हर्टर का लागला नाही?”

मी अंधारात उत्तर जुळवत होतो. बॅटरी हॉलमध्ये, सोफ्याच्या मागे होती. सगळी इमारत काळोखात, आणि आमच्या घरात प्रकाश देणारी एकच गोष्ट शिल्लक होती, अँप्लिफायरचा तो निळा दिवा. तो शांतपणे तेवत होता. त्याच्या उजेडात बायकोने बॅटरी पाहिली. ती काही बोलली नाही. आठ मेणबत्त्या आणि एक मूक सहामाही.

दुसऱ्या दिवशी मी वूफर पेटीतून काढून पिशवीत घातला आणि तपकीर गल्लीत गेलो. बुधवार पेठेतल्या पसोड्या विठोबाच्या त्या परिसरात विजेचं जे मिळत नाही ते जगात निघालंच नसावं, अशी माझी श्रद्धा आहे. मला घरच्या विजेवर चालणारा, पेटीच्या पाठीतच बसणारा प्लेट अँप हवा होता. दुकानदाराने माझा वूफर उलटा करून टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “साहेब, हा डबल कॉइल आहे.”

मी ‘असं का’ या अर्थाने मान हलवली. ‘अरे वा’ या अर्थानेही ती चालली असती.

“चार टोकं बघा. दोन लाल, दोन काळी. चार-चार ओहमच्या दोन कॉइली आहेत आत.”

मग त्याने खणातून एक पेन्सिल सेल काढला, दोन बारीक तारा एका कॉइलच्या टोकांना टेकवल्या आणि वूफर माझ्याकडे वळवला. मधला काळा पडदा टच्च करून पुढे आला. तारा काढल्या, मागे गेला. तारा उलट्या टेकवल्या, आत ओढला गेला. दीड व्होल्टाच्या, रिमोटमध्ये घालायच्या सेलने एवढा मोठा पडदा नाकासारखा फेंदारतो, हे इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. मी त्याला तीनदा करायला लावलं. चौथ्यांदा त्याने सेल खणात टाकला.

वूफरच्या पोटात एक नळी असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. नळी पडद्याला चिकटवलेली आणि तार चुंबकाच्या फटीत तरंगती. तारेतून वीज गेली की ती एका बाजूला सरकते, वीज उलटी फिरली की दुसऱ्या बाजूला. बस, एवढाच स्पीकर. जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी १९२५ साली याचा सगळा हिशेब मांडला, आणि तेव्हापासून मूळ कल्पनेत फारसा फरक पडलेला नाही. डबल कॉइलमध्ये त्याच नळीवर दोन स्वतंत्र तारा गुंडाळतात. याचा एक उपयोग फार सोयीचा होता. पूर्वी घरच्या स्टिरिओला वूफरसाठी वेगळी वाट नसायची. मग डाव्या बाजूची तार एका कॉइलला, उजव्या बाजूची दुसरीला, आणि दोघींची बेरीज पडदाच करायचा. दोन बैल, एक औत. आता खर्ज मुळातच एका वाटेने येतो, तरी दोन कॉइली राहिल्या, कारण त्या वेगवेगळ्या तऱ्हांनी जोडता येतात.

आणि तिथेच माझं दुर्दैव होतं. एकीच्या शेपटीला दुसरीचं तोंड जोडलं, म्हणजे सिरीज, की चार आणि चार आठ ओहम. दोघींची तोंडं एकत्र आणि शेपट्या एकत्र, म्हणजे पॅरलल, की दोन ओहम. एसटी स्टँडवर एकामागे एक दोन तपासण्या असल्या तर रांग मंदावते. शेजारी-शेजारी दोन खिडक्या उघडल्या तर गर्दी दुप्पट वेगाने वाहते, तसं. दुकानदाराकडचा प्लेट अँप चार ओहमचा होता, चारला २५० वॉट देणारा. मला चार हवे होते. चार-चारच्या दोन कॉइलींतून आठ निघतात, दोन निघतात. चार काही केल्या निघत नाहीत! दोन-दोनच्या असत्या तर सिरीजमध्ये चार झाले असते. आठ-आठच्या असत्या तर पॅरललमध्ये चार. चार-चार असूनच चार होत नाहीत, हे बायकोला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच या प्रकरणात रस घेऊन हसली.

“एक उपाय आहे,” दुकानदार म्हणाला. “असाच अजून एक वूफर घ्या. दोन्ही सिरीज मारा, आठ-आठ. मग ते दोन पॅरलल मारा. बरोब्बर चार.”

तंत्रदृष्ट्या हे शंभर टक्के खरं आहे. म्हणूनच मी ते घरी बोललो नाही.

“नाहीतर एकच कॉइल जोड ना मामा,” भाचा फोनवर म्हणाला. “चार ओहम. विषय संपला.” तेही होतं, पण मग ताकद झेलण्याची क्षमता निम्मी, जोरही कमी, आणि दुसरी कॉइल बिनतिकिटाच्या प्रवाशासारखी नळीवर नुसती बसून राहणार. गंमत म्हणजे त्या रिकाम्या कॉइलची दोन टोकं एकमेकांना टेकवली तर ती ब्रेक लावते. पडदा हलला की तिच्यात वीज तयार होते, आणि ती वीज त्याच हालचालीला विरोध करते. मी हे बोटांनी करून पाहिलं. टोकं सुटी असताना पडदा दाबला की मऊ लागतो. तारेचा तुकडा लावून दाबला की घट्ट, आत कोणीतरी हात धरल्यासारखा. या खेळात एक रविवार गेला. माझ्या मते कारणी लागला.

“सिरीज मारा आणि शांत बसा,” असं दुकानदाराने बजावलं होतं. मी प्लेट अँप घेऊन आलो आणि पॅरलल मारला. कारण दोन ओहमला जास्त वीज वाहते, म्हणजे जास्त वॉट, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. अँप्लिफायरने पहिल्याच गडगडाटाला लाल दिवा लावून काम बंद केलं. चारच्या तयारीने आलेल्या माणसावर दोनचा भार टाकला की तो दुसरं काय करणार? आमच्या जुन्या ऑफिसात अशा वेळी लोक मेडिकल रजेवर जात.

मग मुकाट्याने सिरीज. मल्टिमीटरने मोजलं तर आठच्या जागी ६.८. दुकानदाराने सव्वा ओहम मारला अशी माझी खात्री झाली. नंतर वाचलं की मीटर सेलच्या सरळ विजेने मोजतो. वेष्टणावर लिहिलेला आकडा सतत उलटसुलट होणाऱ्या, आवाजाच्या विजेसाठीचा असतो, आणि मीटरवर तो थोडा कमीच दिसतो. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. जोडलं, चालू केलं, हिरवा दिवा. आवाज शून्य.

बटणं पाहिली, पिना पाहिल्या, तोफखान्याचा आवाज वाढवत नेला. पडद्यावर हात ठेवला. तो जेमतेम शहारत होता. आणि दहा मिनिटांनी एक बारीक वास यायला लागला, इस्त्री फार वेळ एका जागी राहिली की येतो तसा. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. घाईत मी काळीला काळी जोडली होती. एक कॉइल पडद्याला बाहेर ढकलत होती, दुसरी तेवढ्याच जोराने आत ओढत होती. दोघीही सारख्याच कष्टाळू, दोघींनाही पूर्ण वीज, आणि सगळ्याची फक्त उष्णता. इथे संसाराची उपमा देण्याचा मोह प्रत्येकाला होतो. दुसऱ्या दिवशी दुकानदारालाही झाला. मी ती तपकीर गल्लीतच ठेवून आलो.

तार उलटी केली. पहिलीची काळी, दुसरीची लाल. आणि दशांश बोलला.

म्हणजे काय झालं ते सांगणं अवघड आहे, कारण ऐकू असं फारसं काही आलं नाही. पोटात आधी कळलं. मग सोफ्याच्या पाठीतून. तेव्हा लक्षात आलं की हे आपण ओळखतो. गणपतीच्या आधी नदीकाठी पथकांचा सराव चालतो, तेव्हा ढोल दिसण्याआधी बरगड्यांना कळतो, तसं. आणि त्याहून जुनं: लहानपणी आमच्या आळीतल्या विठ्ठल मंदिरात सप्ताहाला पखवाज वाजायचा. वाजवणारे बुवा बसले की आधी घरातून कणकेचा गोळा मागवायचे. डाव्या पुडीवर ती भिजलेली कणीक थापायची, थाप मारून ऐकायचं, चिमूटभर काढायची, परत ऐकायचं. पुडी जड झाली की खर्ज खाली उतरतो. जड पडदा, संथ हालचाल, खोल आवाज, हे सगळं वूफरचंच गणित. फरक इतकाच की त्यांचा खर्च एका पोळीचा होता आणि तोही ओहम न मोजता.

वॉटांचं दुःखही त्या रात्री थोडं हलकं झालं. आठ ओहमवर २५० वॉटचे साधारण सव्वाशे झाले होते, पण निम्मे वॉट म्हणजे फक्त तीन डेसिबलची घट. कानाला कळेल न कळेल इतकी. आवाज दुप्पट झाला असं वाटायला ताकद दहापट लागते. कान असा कंजूष हिशेब का ठेवतो कोण जाणे, पण माझा दुसऱ्या वूफरचा खर्च त्यानेच वाचवला.

आता जागा. कमी वारंवारितेच्या लाटा खोलीत मावत नाहीत. ३५ हर्ट्झची लाट जवळजवळ दहा मीटर लांब. माझा हॉल सोळा फूट, म्हणजे पाच मीटरच्या आत. नेमकी अर्धी लाट भिंतीपासून भिंतीपर्यंत अडकते आणि तिथेच झुलत राहते. परिणामी सोफ्यावर, भिंतीला टेकून बसलं की भूकंप. उठून हॉलच्या मधोमध आलं की काही नाही. चांगली जागा शोधण्याची एक मान्यताप्राप्त पद्धत आहे. वूफर उचलून आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, खर्ज चालू करायचा आणि आपण हॉलभर रांगायचं. जिथे कानाला तो सगळ्यात नीट ऐकू येईल, तिथे मग वूफर.

तर वूफर सोफ्यावर, पाहुण्यासारखा टेकून, आणि मी गुडघ्यांवर, कान जमिनीपासून वीतभर, देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात. तिथेच सर्वांत छान येत होता. त्याच वेळी बेल वाजली, बायकोने दार उघडलं, दारात खालचे काका.

“काही हरवलंय का?” त्यांनी विचारलं.

“जागा शोधताहेत,” बायको म्हणाली.

काका भले गृहस्थ. तक्रार घेऊन आले होते पण मोबाइलवर पुरावाही आणला होता, आवाज मोजण्याचं ॲप. “आमच्याकडे ३८ दाखवतंय. नियम दिवसा ५५ चा, रात्री दहानंतर ४५ चा. म्हणजे कायद्याने तुमचं बरोबर आहे. पण माझ्या पेल्यातल्या पाण्यात गोल वलयं उठतात, त्याचं काय करू?”

मी त्यांना बसवलं (सोफ्यावर जागा कमी होती) आणि खरं ते सांगितलं. नियमातलं मोजमाप माणसाच्या कानाच्या सवयीने घेतलेलं असतं आणि कान खर्जाला जवळजवळ बहिरा. म्हणून ५० हर्ट्झच्या आवाजातून मोजमाप सरळ तीस डेसिबल वजा करतं. ॲप खोटं बोलत नाही, पेलाही बोलत नाही. काकांना हे पटलं, आणि पटल्यामुळे ते जास्त दुःखी झाले. त्यांचं मन रमवायला मी ‘ज्युरासिक पार्क’मधल्या त्या प्रसिद्ध पेल्याची गोष्ट सांगितली. डायनासोर येताना पाण्यात वलयं उठतात, ती आवाजाने उठवलेली नाहीत. गाडीच्या डॅशबोर्डाखाली गिटारची तार ताणून ती छेडली होती.

“म्हणजे त्यांनासुद्धा खऱ्या वूफरने जमलं नाही,” काका म्हणाले. “तुम्हाला जमलं.” यात कौतुक किती होतं ते मला अजून कळलेलं नाही. रात्री नऊनंतर वूफर बंद आणि खाली रबराची जाड चकती, असा तह झाला.

देव्हारा हलणार नव्हता, त्यामुळे सर्वोत्तम जागा ईश्वराधीन. दुसऱ्या क्रमांकाची बाल्कनीच्या दाराशी मिळाली. तिथून मी एक चाचणी लावली, २० पासून ८० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा सूर. तेव्हा घरातल्या वस्तू एकेक करून उठून उभ्या राहिल्या. तिशीच्या अलीकडेपलीकडे शोकेसची काच कुजबुजली. मग खिडकीचा एक गज. चाळिशीत स्वयंपाकघरातून मांडणीतली ताटं, आधी एक, मग त्याच्या शेजारचं, मग सगळी पंगत. सूर पुढे गेला की ताटं गप्प, आणि भिंतीवरच्या आजोबांची तसबीर खिळ्यावर टकटक करू लागली. आजोबा हयात असताना कमी बोलत. ४८ हर्ट्झला त्यांना एवढं बोलताना ऐकून मला कसंसंच झालं. मी तसबिरीमागे बुचाचा तुकडा चिकटवला, ताटांखाली फडकं घातलं. मधूनच एक अखंड ‘हूंऽऽ’ येत राहिला, तो मात्र वस्तूंचा नव्हता. तो घरच्या विजेचा, ५० हर्ट्झचा. केबलची तार टीव्हीतून वेगळंच अर्थिंग घेऊन येत होती. तार काढल्याबरोबर गेला. (लोक यासाठी प्लगची तिसरी पिन काढतात. तसं करू नये, हे एवढं मात्र मी ओरडून सांगतो.)

हे सगळं होईपर्यंत दिवाळी आली. बायकोने दशांशावर मनी प्लांटची कुंडी ठेवली. “काही का असेना, टेबल तरी झालं.” मला ते टोचलं, पण बाल्कनीच्या दाराशी उजेड चांगला येतो हे खरं.

पहिल्याच सिनेमानंतर तिच्या लक्षात आलं की कुंडी जागची सरकलेली आहे. पेटी थरथरते, कुंडी कणाकणाने चालते. मग तिने पेटीच्या कापडावर खडूने एक रेघ मारली, आणि तेव्हापासून आमच्याकडे सिनेमे बोटांत मोजले जातात. युद्धाचा तो सिनेमा चार बोटं. अंतराळातला एक, ज्याची मी फार स्तुती ऐकली होती, सहा बोटं आणि एक पान गळलेलं. सुपरहिरोंचा एक होता, त्यात मध्यंतरातच कुंडी काठावर आली, म्हणून उरलेला अर्धा सिनेमा तिने ती मांडीवर घेऊन पाहिला. भाचा आला की विचारतो, “मामी, हा किती बोटं?” आणि त्यावर पाहायचं की नाही ते ठरवतो. तो जास्त बोटांचे निवडतो.

परवा संध्याकाळी एक जुना कृष्णधवल मराठी सिनेमा लावला. घर, अंगण, एक विहीर, दोन म्हाताऱ्या बहिणी. अडीच तास. मध्ये दोनदा मी उठून प्लेट अँपचा दिवा हिरवा आहे ना ते पाहून आलो. होता. सिनेमा संपला तरी आम्ही थोडा वेळ दिवा लावला नाही. मग बायको सवयीने उठली, बाल्कनीच्या दाराशी गेली, वाकून खडूच्या रेघेला बोटं लावली.

“शून्य,” ती म्हणाली. जरा वेळाने आतून तिचा आवाज आला. “उद्या परत लावू या का हाच?”